घरटी एक

मटणाचा रस्सा दोन पातेल्यांत करायचा, हे क्रांतीच्या घरात आता कुणी कुणाला सांगत नसे. मोठ्या पातेल्यात सगळ्यांचा, तांबडाभडक, वर तेलाचा तवंग असलेला. लहान पातेल्यात फक्त वीरधवलचा, हळद-मिरी आणि ओल्या खोबऱ्याचा, कारण पोराच्या छातीला तिखट सोसत नाही. वीरू अठराचा झाला, बारावीची परीक्षा झाली, ओठावर मिशी आली, तरी लहान पातेलं सुटलं नव्हतं. दही नाही, केळं नाही, फ्रीजचं पाणी नाही, धुरळ्यात खेळणं नाही. थंडीत कानाला मफलर, दप्तरात दम्याचा पंप. कॉलेजातल्या पोरांनी त्याचं नावच मफलर पाडलं होतं. हे त्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं. क्रांतीला ते थोरल्या लेकीकडून, राजेश्वरीकडून कळलं, आणि कळल्यावरही तिनं मफलर सोडला नव्हता.

त्या रविवारी दोन्ही पातेली उकळत होती आणि बाहेर हॉलमध्ये सतरंज्या पडल्या होत्या.

मे महिन्यात विट्याच्या गल्ल्यांत तमिळनाडूच्या, केरळच्या, पार बंगालच्या नंबरच्या गाड्या उभ्या राहतात. गलाईवाले गावी आलेले असतात. सराफांकडचं जुनं सोनं वितळवून, तेजाबात धुऊन शुद्ध करून द्यायचं. दुकान हजार मैलांवर आणि घर, शेत, लग्नकार्य विट्यात. क्रांतीचे थोरले दीर नाथाजी, ज्यांना सगळं घर आबा म्हणे, भाचीचं लग्न उरकून बुधवारी कोइमतूरला परत निघणार होते. त्यांच्याबरोबर तिचा नवरा लालासाहेब. पण या वेळी दोघेच भाऊ जाणार नव्हते. सेलमला दुसरं दुकान निघत होतं, आणि भट्टीपाशी परक्याला उभं करायचं नाही, सोनं वितळवायची मूस घरच्याच हातात पाहिजे, ही या घराची रीत होती. सासऱ्यांनी, तात्यांनी, मरायच्या आधी दोघा मुलांना समोर बसवून सांगितलं होतं: घरटी एक. प्रत्येकाच्या घरातून एक पोरगा दुकानावर. बाकीच्यांनी काय शिकायचं ते शिकावं. आबांनी आपला अनंत दिला होता. त्याला पाच वर्षं झाली. आता लालासाहेबांच्या घराची पाळी होती.

"अक्का," क्रांती हळूच म्हणाली, "आज तुम्ही एवढंच म्हणा, वीरूच्या छातीचं मला माहीत आहे. आबा तुमचं ऐकतात."

थोरली जाऊ विजयमाला परातीत भाकरी थापत होती. तिचं घर शेजारीच, मधे एक कंपाऊंडची भिंत. पण आबा गावी आले की चूल एकत्र व्हायची.

"माझं कवा ऐकलं गं त्यांनी?"

"म्हणजे तुम्ही बोलणार नाही?"

"बोलंन की. न बोलून जाती कुठं." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "तुझा कवाचा शब्द माझ्याकडं हायच."

क्रांतीनं रश्श्यात डाव फिरवला. अक्कांनी तो शब्द काढायला नको होता.

वीरूला दमा होता, हे खोटं नव्हतं. लहानपणी त्याची छाती भात्यासारखी वाजायची. रात्र रात्र ती त्याला खांद्यावर घेऊन बसायची, नवरा कोइमतूरला, फोनवर नुसतं "दावाखान्यात दाखीव" म्हणणारा. मग पोरगं सहा वर्षांचं असताना सांगलीच्या डॉक्टरांनी त्याची छाती पुढून मागून ऐकली आणि हसून म्हणाले, बाई, गेला याचा दमा, आता पळू दे याला. शेजारच्या खुर्चीवर अक्का होत्या. परतीच्या एसटीत तासगाव गेल्यावर क्रांती खिडकीकडं बघत म्हणाली होती, "अक्का, हे घरात नको सांगायला." अक्कांना एका क्षणात समजलं होतं. त्या दोघींनीही नवऱ्यांची नखं पाहिली होती, तेजाबानं पिवळी पडलेली, उन्हाळ्यात गावी आल्यावरही न उजळणारी. दोघींनीही त्यांचा पहाटेचा खोकला ऐकला होता. "तुझा तरी वाचू दे," अक्का म्हणाल्या होत्या. "पर माझ्या अनंताच्या टायमाला तू बोलायचं. तू शिकल्याली हायस. कुंडलच्या घरची. तुझं ऐकत्याल."

"बोलेन," क्रांती म्हणाली होती.

आणि अनंताची दहावी झाली, याच हॉलमध्ये आबांनी विषय काढला, तेव्हा अक्कांनी दारातून तिच्याकडं पाहिलं होतं. क्रांतीला माहीत होतं काय बोलायचं ते. धूर, फुप्फुसं, पोराचं वय. सगळं घोकून ठेवलं होतं. पण आपण धुराचं बोललो की आबांची नजर वीरूकडं जाणार, कुणीतरी म्हणणार, एकदा तपासून तरी आणा त्याला. ती उठली आणि म्हणाली, दूध बघून येते. गॅसवर दूध नव्हतं.

अक्का त्याबद्दल नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. अनंत मधे एकदा, बहिणीच्या लग्नाला आला होता. आईशी चार वाक्यं बोलला, त्यातली दोन तमिळमध्ये.

"वाढा," हॉलमधून आबांचा आवाज आला.

पंगतीला आबा, लालासाहेब, वीरू आणि धाकटा साईराज. राजेश्वरी भाकऱ्या घेऊन फिरत होती. ती एकोणीस वर्षांची, साताऱ्याला फार्मसीला प्रवेश घेऊन जुलैत हॉस्टेलवर जाणार होती. आबांनी त्याला हरकत घेतली नव्हती, पोरगी जातीच घरातनं, चार अक्षरं शिकून जाईल, एवढंच म्हणाले होते. वीरूच्या सीईटीचा निकाल यायचा होता. सांगलीला इंजिनिअरिंग, तिथंच खोली, रविवारी घरी. क्रांतीनं हे सगळं इतक्या वेळा मनात मांडून पाहिलं होतं की तिला त्याच्या खोलीतली खिडकीसुद्धा दिसायची. त्या खिडकीला जाळी बसवायची, धूळ नको, असंही तिनं ठरवलं होतं. मग आपलंच आपल्याला हसू आलं होतं. इतकी वर्षं सांगून सांगून ती स्वतःही अर्धी विसरली होती.

"लाला," आबा हाड चोखत म्हणाले, "बुधवारी गाडी घिऊन निघायचं. मागली एक सीट मोकळी ठेवलीया."

"व्हय," लालासाहेब ताटात बघून म्हणाला.

"काय वीरू? काय म्हंतोस गड्या?"

"माझा निकाल यायचाय, आबा. सांगलीला इंजिनिअरिंगला..."

"त्ये न्हाई इचारलं. तुजी छाती काय म्हंती?"

क्रांती दारातच उभी होती. पदर सारखा करत म्हणाली, "आबा, तेजाबाचा धूर त्याला सोसायचा नाही. देवापुढं उदबत्ती लावली तरी त्रास होतो."

"होतो आबा," वीरू म्हणाला. "कोंडल्यासारखं होतं."

तो खोटं बोलत नव्हता. कोंडायचंच त्याला. बारा वर्षं रोज सांगितलं की कोंडतं माणसाला.

आबा घोटभर पाणी प्यायले. क्रांती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. माणूस कडक, पण दुष्ट नव्हता. तिलाच कधीकधी वाटायचं, दुष्ट असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं.

"आजारी पोराला भट्टीवर न्ह्यायला मी काय कसाई हाय का?" आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. शिकू दे सांगलीत. आमी बघतो काय त्ये."

क्रांतीनं दाराची चौकट धरली. झालं. इतकं सोपं होतं. तिनं स्वयंपाकघराकडं मान वळवली, अक्कांना डोळ्यानंच सांगायला, की तुम्हाला बोलावंही लागलं नाही. तर अक्का भाकरीची चवड घेऊन तिच्याच मागं उभ्या होत्या. त्या तिला ओलांडून हॉलमध्ये गेल्या, आबांच्या ताटात भाकरी वाढली आणि सहज म्हणावं तशा म्हणाल्या,

"मग धाकला हाय की. साईराज. दहावी झालीया. धडधाकट हाय, दिवसभर उनातानात क्रिकेट खेळतंय. आपला अनंता बी दहावीलाच ग्येला."

साईराजचा घास हातात राहिला. "मी?"

"लहान हाय वैनी त्ये अजून," लालासाहेब म्हणाला.

"अनंता काय म्हातारा हुता व्हय, भावजी?"

अक्का रश्श्याचं पातेलं आणायला परत वळल्या. जाताना त्यांनी क्रांतीकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वाट बघणं होतं.

"खरं हाय तिचं," आबा म्हणाले. "घरटी एक. थोरला का धाकला, आसं काय तात्यांनी सांगितलं नव्हतं. लाला, तुजं काय?"

क्रांतीनं नवऱ्याकडं पाहिलं. एक नाही म्हण, तिच्या मनात आलं, आयुष्यात एकदा भावासमोर नाही म्हण. लालासाहेबानं भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा ताटात ठेवला.

"मी बी सोळाव्या वरसालाच गेलतो," तो म्हणाला.

"मम्मी," साईराज म्हणाला.

क्रांतीनं सगळ्याचा विचार करून ठेवला होता. निकालाचा, खोलीचा, आबा रागावले तर काय, लाला रुसला तर काय. वर्षानुवर्षं ती असंच जगत आली होती, पुढची चार वळणं आधी बघून मग पाऊल टाकायचं. हे वळण तिला दिसलं नव्हतं. एकाला झाकायचं म्हणजे दुसऱ्याला उघडं टाकायचं. साईराज अजून झोपेत दात खायचा. गणितात पहिला यायचा, अंधाराला भ्यायचा. वीरू निदान अठराचा आहे. वीरू समजून घेईल. वीरू शांत आहे, त्याला मीच शांत केलंय.

"वीरूला दमा नाही," ती म्हणाली.

आबांनी हातातलं हाड ताटात ठेवलं.

"काय म्हनलीस?" आबांनी विचारलं.

"नाही त्याला दमा. लहान होता तेव्हा होता. सहाव्या वर्षीच गेला. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. न्यायचंच असेल तर... साईराज लहान आहे, आबा. त्याला नका नेऊ."

"डाक्टरनं सांगितलंतं, आन तू बारा वरसं..."

"अक्का होत्या बरोबर."

"मला कशाला मधी घेतीस?" स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या.

वीरूनं भाकरीचा तुकडा पिवळ्या रश्श्यात बुडवला होता, तो तिथंच विरघळत चालला. तो आईकडं बघत नव्हता. समोरच्या भिंतीकडं बघून त्यानं विचारलं,

"कुणाला नाही?"

"तुला."

"मग पंप?"

"असू दे म्हणून ठेवला होता दप्तरात. तू कधी मारलास का तो? एकदा तरी?"

"तूच म्हणायचीस, लागला तर मार."

"लागला का कधी?"

तो आठवत राहिला. खरोखरच आठवत होता. कपाळाला आठ्या घालून, मास्तरांनी प्रश्न विचारल्यासारखा. मग म्हणाला, "मम्मी, मला आत्ता पण कोंडतंय."

"ते दम्याचं नाही, बाळा."

"मग कशाचं आहे?"

लालासाहेब खोकला. राजेश्वरी भाकऱ्यांची बुट्टी छातीशी धरून उभी होती, वाढायचं विसरून.

"विक्या, सुशांत, सगळे पहाटे भरतीसाठी पळायला जायचे ग्राउंडवर," वीरू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी पण जायचो. तुला सांगत नव्हतो. मी पळत नव्हतो, घाबरू नकोस. मी कडेला बसून त्यांचं घड्याळ लावायचो. त्यांच्या चपला सांभाळायचो. दोन वर्षं. विक्याचे टायमिंग मला अजून पाठ आहेत. तो आता बेळगावला आहे ट्रेनिंगला. मला म्हणाला होता, मफलर, तुझं पण झालं असतं रे, उंची आहे तुला. मी म्हणालो, छाती नाही गड्या."

"तुला भट्टीपासून वाचवायला केलं मी. दुसरं काही..."

"मग आज का सांगितलंस?"

वीरूनं मान वळवून शेजारी बसलेल्या साईराजकडं पाहिलं. साईराजनं डोळे खाली घातले.

"हां," वीरू म्हणाला.

त्यानं ताटातच हात धुतला. ताटात हात धुऊ नये असं आई लहानपणापासून सांगायची. "आबा, ती मागली सीट माझी. बुधवारी कशाला, उद्या निघायचं असेल तरी चालेल."

"रागानं येत आसशील तर नगं यिऊस," आबा म्हणाले. "भट्टीपाशी डोकं ठिकाणावर लागतंय."

"रागानं न्हाई, आबा." तो उठला. "मला श्वास किती लांब घेता येतोय, त्ये तरी बघू."

"वीरू, सांगलीचं काय मग?" क्रांती पुढं झाली. "निकाल चांगला येणार आहे तुझा. आबा थांबतील एक वर्ष. मी सांगते त्यांना."

"सांग की." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "तू सांगितलेलं पटतं सगळ्यांना."

तो बाहेर गेला, भर दुपारच्या उन्हात, उघड्या डोक्यानं. क्रांतीच्या तोंडात आलं होतं, टोपी घाल. तिनं ते गिळलं. लालासाहेब अर्धवट उठला, पुन्हा बसला. आबांनी साईराजच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जेव तू. तुजं मिटलं आता." पण त्याला जेवण गेलं नाही, आणि त्यानंतर तो आईच्या बाजूलाही आला नाही.

पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात दोघी जावा उरल्या. अक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या. जेवायचं दोघींचंही राहिलं होतं.

"मी एक शब्द तरी फोडला का?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"बारा वरसं न्हाई. आन आज बी न्हाई."

"नाही फोडलात."

"तूच बोललीस."

"हो."

अक्कांनी पदरानं कपाळ पुसलं. जिंकलेल्या बाईचा चेहरा नव्हता तो. उन्हातून चालून आलेल्या बाईचा होता. "मला वाटलंतं," त्या म्हणाल्या, "तू दूद बघाय उठशील."

क्रांतीला काहीतरी लागेल असं बोलावंसं वाटलं. अनंत तुम्हाला फोन करत नाही, म्हणून माझाही करू नये, हेच ना तुमचं? पण ते खरं असतं, आणि खरं बोलून आजच्या दिवसात काय होतं ते तिनं पाहिलं होतं. शिवाय अनंत गेला तेव्हा तिनं अक्कांना काय म्हटलं होतं, ते तिला नेमकं या क्षणी आठवलं. होईल की सवय त्याला, अक्का. असं म्हणाली होती ती. शिकलेल्या बाईनं शिकलेल्या आवाजात म्हटलेलं.

अक्का मागच्या दारी हात धुवायला गेल्या. नळाचं पाणी बादलीत पडू लागलं.

राजेश्वरी उष्टी ताटं घेऊन आत आली. तिनं ती मोरीत ठेवली नाहीत. हातात घेऊनच उभी राहिली, वरच्या ताटात वीरूचा पिवळा रस्सा आणि हात धुतलेलं पाणी.

"भावाकडं गेली होतीस का बघायला?" क्रांतीनं विचारलं. "कुठं आहे तो?"

"गेटात उभा आहे. मी हाक मारली तर म्हणाला, तू पण आत जा."

"ऊन उतरलं की येईल."

"मम्मी."

"काय गं?"

"माझ्या पत्रिकेत मंगळ आहे, कडक आहे, असं तू चार वर्षं सगळ्यांना सांगतेस. कडेगावच्या आत्या स्थळ घेऊन आल्या, त्यांच्यापुढं तर रडलीस. आबांनीसुद्धा त्यामुळं विषय सोडला." राजेश्वरीचा आवाज अगदी सरळ होता, भावासारखाच. "मी दर मंगळवारी उपास करते. कॉलेजातल्या मुली विचारतात तर सांगते, मंगळ आहे मला. एका मुलाला पण सांगितलं. तो मग बोलायचा बंद झाला."

क्रांतीनं मान वर केली. कुठला मुलगा, हे तिच्या ओठावर आलं होतं.

"तो मंगळ तरी खरा आहे का?" राजेश्वरीनं विचारलं.

मागच्या दारी नळ बंद झाला.

"हळू बोल," क्रांती म्हणाली. "अक्का दारातच आहेत."

राजेश्वरी आईकडं बघत राहिली. मग तिनं हातातली ताटं मोरीत ठेवली, एकावर एक, जराही आवाज होऊ न देता.